बाजूचे दिवे मी लावले होते

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पुण्यातल्या भावाला नाही. डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनमधल्या ज्या मराठी घरांत आम्ही रविवारी मिसळ खायला जमतो, तिथे तर नाहीच. तिथे मी ‘एकदम सरळ माणूस’ म्हणून ओळखला जातो. सरळ! कुणी असं म्हणालं की मी पाव उचलतो आणि खाली मान घालून खात राहतो.

लग्नाआधी मी इथे आयर्लंडमध्येच, ट्रली गावी होतो, मेडिकल डिव्हाइस बनवणाऱ्या एका प्लांटमध्ये. पोटात सोडायच्या कॅमेऱ्याच्या नळीला टोकाशी जो बारीक दिवा असतो ना, तो माझा विषय. उजेड कुठे पोचतो, कुठे पोचत नाही, सावली कशी घालवायची — दिवसभर हेच. राहायला नोरीनकडे होतो. नोरीन सत्तरी ओलांडलेली, एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिला नसांचं दुखणं होतं. पायांची आग आग व्हायची, अंगावर चादरसुद्धा सहन व्हायची नाही. बोटं वाकडी झालेली. मी तिला नावानेच हाक मारायचो, इकडे तशीच रीत. पण मला ताप आला की दाराशी चहा ठेवून जाणारी बाई — मनातल्या मनात मी तिला मावशीच म्हणायचो.

वरच्या मजल्यावरच्या मागच्या लहान खोलीला कायम कुलूप असायचं. एकदा नोरीन जिन्यात घसरली, पाय मुरगळला, तेव्हा तिने मला किल्ली दिली. म्हणाली, झाडांना पाणी घाल. मी दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबलो. गांजाची झाडं.

“घाबरू नकोस,” ती खालून ओरडली, “मी कुठल्या टोळीतली नाही. त्याचं तेल करते आणि झोपते. डॉक्टरच्या गोळ्यांनी नुसती गुंगी येते, दुखणं तसंच राहतं.”

मी काय करायला हवं होतं? पाणी घालून, कुलूप लावून गप्प बसायला हवं होतं? खरं सांगू — मला तेव्हा कायदा आठवला नाही. तिची दयासुद्धा आली नाही. मला फक्त उजेड चुकलेला दिसला. छताला एकच मोठा दिवा. वरच्या पानांनी सगळा उजेड खाऊन टाकलेला, खालच्या फांद्या पिवळट, त्यांच्यावरची फुलं किरकोळ, पोचट. वरचा दिवा कितीही वाढवला तरी खाली काय पोचणार? उजेड बाजूने द्यायला हवा होता. हे माझ्या रोजच्या कामातलंच होतं. मला राहवलं नाही.

पुढच्या सुट्टीत मी झाडांसाठीच्या जांभळट एलईडीच्या पट्ट्या आणल्या, भिंतींच्या कडेने उभ्या बसवल्या, झाडांच्या अंगात तिरका उजेड शिरेल अशा. वायरी नीट पाइपातून नेल्या, कुठे लोंबतं काही ठेवलं नाही. महिनाभरात खालच्या फांद्या भरून आल्या. नोरीन काठी टेकत वर आली आणि दारात उभी राहून हसत सुटली. या देशात तोवर माझ्या हातांचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. मला फार अभिमान वाटला. आणि नोरीनला झोप लागू लागली — तेही खरं आहे. पण त्याच्या आड लपायला मी ते सांगत नाही.

एक पट्टी खिडकीच्या बाजूला होती. खिडकीवर नोरीनने फळी ठोकली होती, पण फळी आणि चौकट यांच्यात एक फट राहिली होती. छताच्या दिव्याने ती कधी उजळली नव्हती, माझ्या पट्टीने उजळली. एका संध्याकाळी कामावरून येताना शेजारच्या भिंतीवर मला जांभळट रेघ दिसली. मला दिसली. शनिवारी बुजवू म्हटलं. शनिवारी मित्र आले. मग राहूनच गेलं.

थंडीचे दिवस, चहाच्या वेळेलाच अंधार पडलेला. दोन गार्ड आले — इकडे पोलिसांना गार्ड म्हणतात. कुणीतरी तक्रार केली होती. त्यांच्यातली तरुण मुलगी अगदी सभ्य होती. वरची खोली बघून आली आणि मला म्हणाली, हे दिवे कुणी बसवले?

माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा सरकारकडे पडून होता, निकाल यायचा होता.

मी म्हणालो, “मला माहीत नाही. खोलीला कुलूप असतं.”

नोरीनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “तो नुसता भाडेकरू आहे. त्याला विचारून काय होणार?”

तिचा भाचा डेक्लन इलेक्ट्रिशियन होता. चाळिशीतला, दोन मुलींचा बाप. तरुणपणी खिशात थोडा गांजा सापडला म्हणून त्याच्यावर एकदा केस झालेली. वरचं वायरिंग इतकं सफाईदार होतं, की गार्डांना त्याच्यावाचून दुसरं कोण सुचणार? आणि त्यानेही — म्हातारी मावशी असल्या पायांनी कोर्टात उभी राहणार, या एका विचाराने — सगळं आपलंच आहे म्हणून सांगून टाकलं. नोरीन नाही नाही म्हणत राहिली. भाच्याला वाचवतेय असंच सगळ्यांना वाटलं.

मग एके दिवशी ती माझ्या खोलीच्या दाराशी आली. म्हणाली, “तुझं नाव मी घेणार नाही. ते तुझं तू ठरव.” मी म्हणालो, विचार करतो. विचार म्हणजे काय, मी डब्लिनमध्ये नोकरी शोधली आणि सामान बांधलं. डेक्लनचा तुरुंग टळला, पण शाळांमधली वायरिंगची कामं गेली. असली केस असलेल्या माणसाला मुलं असतात तिथे कोण येऊ देणार? तो एका गोदामाची व्हॅन चालवू लागला.

एवढं ऐकून तुम्ही कदाचित म्हणाल — परका देश, डोक्यावर अर्जाची टांगती तलवार, घाबरला असेल बिचारा. मीही स्वतःला हेच सांगत आलो. इथे थांबलो तर मला बरंच पडेल. पण जे सांगायचं आहे ते अजून राहिलंय.

नोरीन गेली तेव्हा माझा आयरिश पासपोर्ट येऊन बरेच दिवस झाले होते. शेजारणीने कळवलं, मी ट्रेनने ट्रलीला गेलो. दफन झाल्यावर सगळे पबच्या मागच्या खोलीत जमले. डेक्लन सँडविचची थाळी घेऊन माझ्याकडे आला, थाळी ठेवली, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

“मावशी तुझं फार नाव काढायची,” तो म्हणाला. मग जरा जवळ सरकला. “एक विचारू? ते बाजूचे दिवे कुणी बसवले, तुला ठाऊक आहे का? मी विचारून थकलो, तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. राग नाही रे माझा. काम झकास होतं. फक्त कळलं असतं तर बरं वाटलं असतं, इतकंच.”

आता मला कसली भीती होती? कोण मला कुठे पाठवणार होतं? समोर एक दमलेला माणूस, त्याला फक्त एक नाव हवं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “खोलीला कुलूप असायचं.”

अडखळलोसुद्धा नाही. आणि तेवढ्यावर थांबलो नाही, मी वर म्हणालो, “तिच्या ओळखीचा असेल कुणीतरी.”

डेक्लन हसला. “असेल. ती बाई कुणालाही कामाला लावायची.” मग त्याने मला अजून एक सँडविच घ्यायला लावलं, आणि मी ते खाल्लं.

स्टेशनवर त्यानेच सोडलं. व्हॅनच्या पुढच्या सीटवर मुलींचे चिखलाचे बूट होते, ते त्याने घाईघाईने मागे टाकले, सीट हाताने पुसली. वाटेत माझ्या लग्नाची चौकशी केली. गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभा राहिला. मी खिडकीतून हात हलवला.

ख्रिसमसला त्याचा मेसेज येतो, मुलींच्या फोटोसकट. मी दर वर्षी उत्तर पाठवतो — तुम्हा सर्वांनाही शुभेच्छा.