थोरल्या जाऊबाई आणि घरचं नेट

घरातलं इंटरनेट अडकलं की माझ्या थोरल्या जाऊबाई, माधुरीताई, राऊटरकडे बघायच्याही नाहीत. आधी घरभर फिरून प्रत्येकाला एकच विचारायच्या, "तुमचं जरासं थांबलं त काय बिघडते?" पॉलिटेक्निकमध्ये नेटवर्किंग शिकवायच्या ना, घरही त्यांना वर्गच वाटायचा.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या घरात कनेक्शन एकच. संध्याकाळी माझी गणिताची ऑनलाइन शिकवणी, आसपासच्या लालबर्रा-रामपायली गावांची मुलं. नेमकी तेव्हाच थोरल्या दिरांची क्रिकेटची मॅच आणि माझ्या नवऱ्याचे सिनेमे. माझी कुरकुर ऐकून ताईंनी एका दुपारी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरून प्रत्येकाचा वाटा ठरवून टाकला. डाऊनलोड सगळ्यांत मागं, मॅच मधे, माझी शिकवणी सगळ्यांच्या पुढं.

"अवो, माह्याच घरात मले रेशन?" थोरले दीर ओरडले.

"हौ, रेशनच. सिनेमा उशिरा उतरला त सिनेमाच राह्यते. बोलणं उशिरा पोचलं त तुटते. वैशाली पोराईले शिकवून राह्यली."

"थोरलीनं घराले वळण लावलं," सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या. शिकवणी सुरळीत झाली आणि माझा जळफळाट वाढला. या घरात पोळ्या मी लाटायच्या आणि कौतुक ताईंच्या फोडणीचं व्हायचं. मला शेवटचा नंबर दिला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. या बाईनं तेवढीही सोय ठेवली नाही.

मग त्यांची जबलपूरला बदली झाली, दीरही सोबत गेले. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? निघण्याआधी त्यांनी शेजारी बसवून मला सगळी सेटिंग शिकवली. "पासवर्ड तुह्याजवळच ठेव. आता कोणाले पुढं, कोणाले मागं, तू पाह्य."

सासूबाई रोज संध्याकाळी त्यांना व्हिडिओ कॉल लावू लागल्या, तोही माझ्या शिकवणीच्या वेळी. थोरली घरातच होती तोवर सासूबाईंना कॉल लावायची गरजच नव्हती, म्हणून त्यांच्या फोनला कुणी वाटा दिलाच नव्हता. चेहरा अडकायचा, आवाज तुटायचा. "थोरली माह्यासंग बोलूनच नाही राह्यली," म्हणत त्या एकदा रडल्या. मला राग आला, पण त्यांचं रडणंही बघवेना. मी त्यांचा फोन सगळ्यांत वर नेला आणि शिकवणी खाली सरकवली.

त्या संध्याकाळी माझी मुलं "मॅडम, आवाज नहीं आ रही" करत राहिली आणि बाजूच्या खोलीत सासूबाईंच्या फोनवर ताई अगदी स्पष्ट बोलत होत्या.

"जाता जाता माह्या फोनची बी सोय करून गेलतीस, पोरी!" सासूबाई म्हणाल्या. मी लॅपटॉपसमोरून उठून दारात जाऊन उभी राहिले.

"म्या नाही केलं, आई," फोनमधून ताईंचा आवाज आला. "वैशालीनं केलं असन. सोताची शिकवणी मागं ठेवली असन तिनं."

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाह्यलं वो," त्या मला म्हणाल्या, "केवढं मोठं मन हाय थोरलीचं!"