पिवळा बावटा

तलावावरच्या बोट क्लबात तिला नावाने कुणीच हाक मारत नसे. येणारेजाणारे 'बावटेताई' म्हणत. मॅनेजर 'ताई' म्हणे आणि चिडला की 'अहो ताई'. काम तसं एवढंसंच. भल्या पहाटे धक्क्यावर जायचं, पाणी बघायचं आणि खांबावर बावटा चढवायचा. हिरवा म्हणजे सगळे या. पिवळा म्हणजे ज्यांचे हात वल्ह्याला सरावलेत त्यांनीच या. लाल म्हणजे घरी बसा. मग बावट्याचा फोटो क्लबच्या ग्रुपवर टाकायचा. तो बघून शहरातली माणसं गाडीच्या टपावर होड्या बांधत आणि दोन तासांचा रस्ता धरत.

ती आधी बघे ती तरंगत्या पिंपांची रांग. तिच्यापलीकडे पांढरं फुटतंय का ते. मग दोन टेकड्यांमधली खिंड, कारण वारा उतरायचा तो तिथूनच. मग नदी तलावात शिरते तिथल्या पाण्याचा रंग. शेवटी एक काडी पाण्यात टाकून ती कुठे आणि किती घाईने जाते ते. मॅनेजरने छपरावर वारा मोजायचं यंत्र बसवलं होतं, तेही ती बघे. दोघांचं सहसा पटायचं.

लेक लहान असताना रोज तिच्याबरोबर यायची. ''सांग बघू, आज कुठला?'' असं आईने विचारलं की लेक डोळे मिटून ''हिरवा!'' म्हणायची. मग उघडून बघायला शिकली. मग शहरात गेली, नोकरीला लागली आणि तिथल्या मित्रमंडळींबरोबर होडी घेऊन तलावावर यायला लागली. महिन्यातून एकदा, मग दोन महिन्यांतून. ती आईकडे येत नव्हती, पाण्यावर येत होती. आई वाटेत लागायची. बावटेताईला हे कळत होतं आणि चालतही होतं. वाटेत तर वाटेत.

आता लेकीला लांबची नोकरी लागली होती. विमानाने जायचं, दोन-तीन वर्षं तरी परत येणं नाही. गुरुवारी निघणार. फोनवर म्हणाली, ''रविवारी पाणी चांगलं असेल तर सगळे येतो गं, तेव्हाच भेटू. नाहीतर सामान बांधायचंय ढीगभर. फोनवर आहोतच की आपण.''

''हो, हो. मी काय, इथेच आहे,'' आई म्हणाली आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चरफडली.

रविवारी पहाटे ती धक्क्यावर गेली तेव्हा बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पिंपांपलीकडे सगळं पांढरं. खिंडीतून वारा नुसता कोसळत होता. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा, नदीने गढूळ पाणी आणि फांद्या आत ढकलल्या होत्या. लाल. शेंबड्या पोरानेही लाल सांगितला असता.

तिने पेटीतून लाल बावटा काढला, दोरीला अडकवला आणि तशीच उभी राहिली. फाटक उघडायला अजून दोन तास होते. तोवर पाण्यात कोणी उतरणार नव्हतं. ते दोन तास रस्त्यातच जाणार होते. तिने लाल काढला, पिवळा चढवला, फोटो काढला आणि पाठवून दिला. मॅनेजर फाटकाची किल्ली घेऊन यायच्या आत पिवळा खाली आणि लाल वर.

''अहो ताई, सकाळी पिवळा होता ना?''

''वारा फिरला,'' ती म्हणाली. इतक्या वर्षांत पाण्याबाबत ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

लेकीची गाडी आली. बरोबर तीन मित्र, टपावर दोन होड्या.

''मावशी, हे काय हो!'' त्यातला एक उंच पोरगा ओरडला. ''झोपमोड करून आलो आम्ही! बावट्याचा मूड बिघडला का?''

''पाण्याला सांग बाबा, माझं ऐकत नाही ते.''

लेक सरळ धक्क्याच्या टोकाला गेली आणि काठाशी वाकली. काठाला फेसाचा जाड पट्टा लागला होता, काटक्या अडकलेला, कडेने पिवळा पडलेला. ती परत आली.

''आई, हा फेस दोन तासांत जमत नाही. रात्रभर वारा लागतो त्याला. तूच शिकवलंयस.''

आई पिवळ्या बावट्याची घडी घालत होती. झाली तरी पुन्हा घालत होती.

''पहाटे पिवळं नव्हतंच ना?''

''नव्हतं.''

''मग?''

''तू आली नसतीस.''

लेकीचे कान लाल झाले. ''अगं, ये म्हणायचं ना नुसतं!''

''आणि म्हटलं असतं तर?''

''सामान बांधायचंय म्हणाले असते,'' ती म्हणाली आणि दोघींनाही हसू आलं. ते फार वेळ टिकलं नाही.

होड्यांच्या खोलीत आईने चहा टाकला. लेक उलट्या होडीवर पाय हलवत बसली, शाळेत असताना बसायची तशी. ओल्या दोरांचा आणि रबराचा वास होता.

''तिकडे पाणी आहे का गं?''

''समुद्र आहे. खोलीपासून चालत जाण्याइतका.''

''समुद्राचं मला काही कळत नाही,'' आई म्हणाली.

उंच पोरगा दारात डोकावला. ''थांबायचं की निघायचं? काय ते ठरवा.''

लेकीने कप खाली ठेवला. ''आई, तू सांग. दुपारपर्यंत उतरेल वारा? उतरणार असेल तर थांबतो.''

बावटेताई बाहेर आली. पिंपं बघितली, खिंड बघितली, काडी टाकली, छपरावरचं यंत्रही बघितलं. नुसतं 'हो' म्हटलं की लेक अख्खी दुपार तिच्या पुढ्यात होती. घरून डबा आणला होता, तो दोघींना पुरला असता. केस विंचरून दिले असते.

''नाही,'' ती म्हणाली. ''अंधार पडेपर्यंत नाही उतरायचा.''

लेक तिच्याकडे बघत राहिली. मग जवळ येऊन तिने आईला घट्ट मिठी मारली. ''हो म्हणाली असतीस तर थांबले असते गं,'' ती तिच्या खांद्यात म्हणाली.

गाडी वळणाआड गेली. तिने डबा उघडलाच नाही.

आणि दुपार कलायच्या आतच वारा पडला. हळूहळू नाही, कोणी दार लोटून घ्यावं तसा. बावटेताई धक्क्यावर येऊन बघतच राहिली. सगळं नीट बघून, मनापासून सांगितलेलं तिचं उत्तर साफ चुकलं होतं.

''चढवा की हिरवा,'' मॅनेजर म्हणाला. ''संध्याकाळची माणसं तरी येतील.''

तिने चढवला. फोटो काढला. पाठवायचं बटण दाबायला मात्र वेळ लागला.

थोड्या वेळाने फोन वाजला. ''आई, खरंच हिरवा आहे का गं?''

''खरंच आहे. चुकले मी.''

पलीकडे खोक्यावर चिकटपट्टी ओढल्याचा कर्रकन आवाज आला.

''कसं दिसतंय?''

''चांगलं आहे.''

''असं नाही. सांग ना नीट.''

बावटेताई फोन कानाला लावून धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली. ''पिंपं हलत नाहीयेत,'' तिने सुरुवात केली. ''पलीकडे कुठेच फुटत नाहीये. खिंडीखालचं पाणी काळं दिसतंय, पण गप्प आहे. नदीच्या तोंडाशी अजून गढूळ आहे, फांद्या आहेत, तिकडे मी तुला जाऊ दिलं नसतं. फेस काठ सोडून आत निघालाय...''

''अजून?''

''अजून सांगते,'' ती म्हणाली, आणि पाण्यात पाय सोडून बसली.