अस्तराचा तलाव

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पोहण्याचे तलाव बांधायचे. हॉटेलांचे, शाळांचे, बंगल्यांचे. ओळखीपाळखीत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. त्यांच्या लेखी तलाव म्हणजे काँक्रीटचा, बाकी सगळा पोरखेळ. कारखान्यातून आख्खा तयार होऊन येणाऱ्या फायबरच्या तलावाला ते टब म्हणत. खड्ड्यात जाड प्लास्टिकचं अस्तर पसरून त्यावर पाणी सोडतात, त्या तलावाला रेनकोट. रेनकोटवाल्यांची टिंगल करायला बसले की भाऊजींचं जेवण गार होई, आणि ताई निमूटपणे ताट उचलून पुन्हा गरम करून आणी.

मग ताईच्याच पायांनी दगा दिला. नसांचा आजार निघाला. आधी तळवे बधिर झाले, मग चालताना तोल जाऊ लागला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पाण्यात अंगाचा भार कमी होतो, रोज पाण्यात चाललात तर पाय बरेच दिवस साथ देतील, पण लगेच सुरू करा. सार्वजनिक तलाव लांब, तिथल्या पायऱ्या निसरड्या. भाऊजींनी त्याच संध्याकाळी मागच्या अंगणात चुन्याने आखणी केली. मला त्यांचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण प्रश्न आला, कुठला बांधायचा? फायबरचा सांगाडा आमच्या बोळातून आत येईना, आणि क्रेनने शेजारच्या घरावरून उचलून आणायचा तर शेजारी छपराला हात लावू देईना. उरले दोन. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की तळ मऊ हवा, कारण ताईला पाय खरचटल्याचं कळणारही नाही. म्हणजे अस्तरच. भाऊजींनी नाक मुरडलं. मी तळ आरशासारखा घोटून देईन, म्हणाले, आणि सळ्या बांधायला बसले.

घरच्या माणसाचं काम म्हणून त्यांना काही पसंतच पडेना. बांधलेल्या सळ्या सोडून पुन्हा बांधल्या. वाळू परत पाठवली. गिऱ्हाइकाकडे कधी केली नसती एवढी चिकित्सा इथे चालली होती. इकडे ताई भिंत धरून चालायची ती खुर्ची ढकलत चालू लागली. मी भाऊजींशी भांडले. त्यांनी दाद दिली नाही.

शेवटी ताईच मागच्या दारात येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने.

"अहो, तुमचा तलाव पन्नास वर्षं टिकेल. मला तो आता हवाय."

भाऊजींनी हातातली पक्कड खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः रेनकोटवाल्याला बोलावलं. तोही बिचारा सज्जन, एका शब्दाने टोमणा मारला नाही. सळ्या निघाल्या, बाजूंना पत्र्याच्या भिंती उभ्या राहिल्या, तळ गुळगुळीत झाला, त्यावर निळं अस्तर बसलं. जाताना त्याने एकच गोष्ट बजावली, तलाव कधी रिकामा करू नका. पाण्याच्या वजनानेच अस्तर जागेवर राहतं. काही दुखलंखुपलं तर मला बोलवा, मी पाण्यात उतरून बघतो. भाऊजींनी मान डोलावली. ऐकलं मात्र नसावं.

ताई पाण्यात चालली. कठडा धरून, मग कठडा सोडून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाहेर खुर्चीशिवाय न हलणारी माझी बहीण पाण्यात हात हलवत गप्पा मारत चालायची. मी घरात जाऊन रडून घेतलं.

पावसाळ्यात पाणी थोडं थोडं कमी होऊ लागलं. रेनकोटवाला परगावी होता, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. तोवर चालण्यात काही अडचण नव्हती, रोज थोडं पाणी सोडलं की भागत होतं. पण भाऊजींचा जन्म काँक्रीटमध्ये गेलेला. तिथे गळती म्हटली की पहिलं काम, तलाव उपसायचा, तळ कोरडा करायचा आणि भेग शोधायची. मी ताईला तपासणीला घेऊन गेले आणि भाऊजींनी पंप लावला. आम्ही येईपर्यंत दुरुस्त करून, घासूनपुसून ठेवावं, एवढाच त्यांचा हेतू.

आम्ही परतलो तेव्हा भाऊजी रिकाम्या तलावात उभे होते. पावसाने भिजलेल्या जमिनीतलं पाणी खालून घुसून अस्तर फुगलं होतं, कोपऱ्यांतून सुटलं होतं आणि पायरीशी टराटरा फाटलं होतं. भाऊजी दोन्ही हातांनी ते खाली दाबत होते. एकीकडे दाबलं की दुसरीकडे वर येत होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मला त्यांच्यावर ओरडताच आलं नाही. राग मात्र आला. अजूनही येतो.

नवं अस्तर मापाने बनवून घ्यावं लागतं. ते येईपर्यंत पावसाळा सरला आणि ताई खुर्चीतून उठेनाशी झाली. भाऊजींनी बाईंना विचारलं, हे माझ्यामुळे झालं का? आजार तसाही वाढणारच होता, पण किती आणि कधी ते कुणी सांगू शकणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी साफ हो म्हटलं असतं तर भाऊजींना एकवेळ झोप लागली असती.

पुन्हा पाणी भरलं त्या दिवशी आम्ही दोघांनी ताईला उचलून आत उतरवलं. मी पाण्यातून बाहेर आले. भाऊजी छातीभर पाण्यात तिच्या काखांत हात घालून तिला धरून उभे. तिने पाऊल टाकायचा प्रयत्न केला. पाऊल पडलं नाही.

"मी थोडं थांबायला हवं होतं," ते म्हणाले.

"थांबायचं तेव्हा घाई केलीत, आणि घाई करायची तेव्हा थांबलात," ताई म्हणाली. तिने कुठलीच गोष्ट मऊ करून सांगितली नाही. मग त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आता धरलंय ना, मग धरून ठेवा."

त्यांनी धरून ठेवलं. पाणी गार पडलं, तिचे ओठ काळेनिळे व्हायला लागले, तरी बाहेर यायचं दोघांपैकी कुणीच नाव काढेना. शेवटी मीच टॉवेल घेऊन काठावर गेले आणि दोघांनाही रागावले.