चोवीस खुंट्यांचा तंबू

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. ऐंशीच्या दशकात मी इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर, कारखान्यांच्या वसाहतीत, एका गोदामात पॅकिंगचं काम करायचे, आणि तिथली सुपरवायझरसुद्धा माझ्याशी जपून बोलायची. पण एका उन्हाळ्यात मला गप्प केलं ते माझ्या बारा वर्षांच्या मुलीने.

तिच्या शाळेची सहल वेल्सला निघाली होती. पाच दिवस तंबूत राहायचं, डोंगर चढायचे. मी नाही म्हटलं. कारण दिलं जेवणाचं. खरं कारण असं की मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते असं कबूल करायची मला सवय नव्हती. पोरीने आदळआपट केली असती तर मी निभावून नेलं असतं. तिने नुसतं बोलणं बंद केलं. काही विचारलं की येस, नो, फाइन. घरात मराठी बोलायची ती फक्त आजीशी.

जुलैमध्ये पेरेंट्स इव्हिनिंगला गेले, तेव्हा तिच्या बाई हसून म्हणाल्या, "शी सेज युअर फॅमिली इज नॉट द आउटडोअर टाइप." बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बसने घरी येईपर्यंत राग ओसरला आणि खाली जे उरलं ते जास्त वाईट होतं. पोरीला आमची लाज वाटायला लागली होती. आपल्या घरच्यांना काय काय जमणार नाही याची यादी तिने मनातल्या मनात सुरू केली होती, आणि त्या यादीतली पहिली ओळ मीच माझ्या हाताने लिहून दिली होती.

त्या दिवशी जेवताना मी जाहीर केलं, "ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, सोमवारची सुट्टी जोडून, आपण कॅम्पिंगला जायचं. डार्टमूरला, नॅशनल पार्कात. तंबूत राहायचं."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "आपण? अगं, त्यापेक्षा ईलिंगला दादाकडे जाऊ की. पलंग तरी मिळेल."

सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तिथे देऊळ आहे का गं?"

मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "ओके." त्या ओकेमध्ये विश्वासाचा कण नव्हता. मी तेव्हाच ठरवलं, जीव गेला तरी हा तंबू उभा राहणार.

मग मी तयारीला लागले. लायब्ररीतून पुस्तकं आणली, नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला तो तीन आठवडे तिथून हलला नाही. माझ्याबरोबर पॅकिंगला असलेल्या एका इंग्लिश बाईने तिचा जुना तंबू दिला आणि तो कसा उभारायचा ते लंच ब्रेकमध्ये गोदामामागच्या आवारात शिकवलं. घरी मागच्या बागेत मी चार वेळा सराव केला. पहिल्यांदा दीड तास लागला, चौथ्यांदा पंचवीस मिनिटं. वरच्या खिडकीचा पडदा प्रत्येक वेळी थोडा हलायचा, पण पोरगी खाली आली नाही. तंबूला लोखंडी खुंट्या लागायच्या चोवीस. प्रत्येक वेळी त्या पुसून, मोजून मी एका कॅनव्हासच्या पिशवीत भरायचे. दशम्या, मेतकूट, लोणचं, कुकर, शेगडी, सगळ्याची यादी वहीत होती. इतकी तयारी मी माझ्या लग्नाचीसुद्धा केली नव्हती.

निघायचं ठरलं शुक्रवारी. सासूबाईंनी हळूच विचारलं, "हे डार्टमूर कुठल्या दिशेला?"

"पश्चिमेला."

"शुक्रवारी पश्चिमेला जात नाहीत गं. दिशाशूळ असतो."

"आई, ते सगळं सांगलीला. इथे मोटरवे आहे," मी म्हटलं. मला वाटलं, विषय संपला.

शुक्रवारी सकाळी सातला गाडी निघाली, सुट्टीच्या गर्दीत अडकत दुपारी तीनला आम्ही पोचलो. मूरच्या, म्हणजे त्या उघड्या माळाच्या, कडेला एका शेतकऱ्याचं कुरण होतं, त्यात पंधरा-वीस तंबू. वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू जाईना. मी कापड अंथरलं, काठ्या जोडल्या आणि खुंट्यांची पिशवी घ्यायला डिकीकडे गेले. पिशवी नव्हती. आम्ही सगळं सामान गवतावर काढलं, तरी नव्हती. तेवढ्यात माझं लक्ष सासूबाईंच्या चेहऱ्याकडे गेलं.

"मी प्रस्थान ठेवलं होतं," त्या म्हणाल्या.

दिवस चांगला नसेल तर आदल्या दिवशी, जायच्या दिशेला असलेल्या घरी, सुपारी आणि अक्षता घालून आपल्या सामानातली एक वस्तू नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास चांगल्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. निघताना ती वस्तू उचलायची आणि पुढे जायचं. आमच्या घराच्या पश्चिमेला एक म्हातारे इंग्लिश गृहस्थ एकटेच राहायचे. सासूबाईंची आणि त्यांची भाषा फक्त हसण्याची. दारातली सगळ्यात लहान पिशवी बघून त्यांनी गुरुवारी ती त्या गृहस्थांच्या हातात दिली होती, आणि त्यांनी ती थँक यू म्हणून ठेवून घेतली होती.

"सकाळी सांगणार होते गं तुला. पण तू गाडीत बसा, गाडीत बसा म्हणून इतकी ओरडत होतीस..."

मी ओरडले. खोटं कशाला सांगू? त्या वाऱ्यातही अख्ख्या कुरणाला ऐकू गेलं असेल. सासूबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. मुलीने माझ्याकडे पाहिलंच नाही, तिने आजूबाजूच्या तंबूंकडे पाहिलं, कोण कोण बघतंय म्हणून. तिची ती नजर दिसली आणि मी ओरडायची थांबले.

नवरा म्हणाला, "एक्झिटरला एखादं बी अँड बी बघू, रात्रीपुरती खोली मिळेल. कुणाला सांगायचं नाही, झालं."

मुलगी वाकून तंबूचं कापड गुंडाळायला लागली. "इट्स फाइन, आई. लेट्स जस्ट गो." तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या लहान मुलाची समजूत घालावी तशी ती माझी समजूत घालत होती. शाळेतल्या बाईंचं बोलणंही मला इतकं लागलं नव्हतं.

"ठेव ते खाली," मी म्हटलं. "कुठेही जायचं नाही."

शेतकऱ्याकडच्या जास्तीच्या खुंट्या बँक हॉलिडेच्या गर्दीत आधीच संपल्या होत्या. शेजारच्या तंबूतल्या माणसाने चार दिल्या. चारावर काय होणार? पण कुरणाच्या कोपऱ्यात ग्रॅनाइटच्या धोंड्यांचा ढीग होता. तंबूच्या उरलेल्या दोऱ्या त्यांनाच बांधायचं मी ठरवलं. मुलीला म्हटलं, शेतकऱ्याला विचारून ये. तो हो म्हणाला. मी ओढणी कमरेला बांधली, आणि नवऱ्याने आणि मी मिळून वीस धोंडे वाहून आणले.

नवऱ्याने पहिल्या धोंड्याला दोरी बांधली ती लगेच सुटली. दुसऱ्याचीही सुटली. गुळगुळीत गोल दगड, दोरी नायलॉनची. तेव्हा मला हसू आलं. अहो, हे तर माझं रोजचं काम! गोदामात पंप यायचे, त्यांना ना कोपरा ना कड. मशीन त्यांना बांधू शकत नव्हतं, ते हातानेच बांधायला लागायचे. आडवी दोन वेटोळी, उभी दोन, जिथे एकमेकांवर येतात तिथे टोक खालून घ्यायचं. जितकी ओढ बसेल तितकी गाठ आवळत जाते. दिवसाला असे साठ-सत्तर मी बांधायचे.

मुलीने मला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. पहिला धोंडा मी बांधला तेव्हा ती लांबून बघत होती. दुसऱ्याला ती जवळ येऊन बसली आणि मी सांगायच्या आत गाठीवर बोट दाबून धरलं. "असं? मग हे खालून?" कित्येक आठवड्यांत ती पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली, पण मी काही दाखवलं नाही. चौथा धोंडा तिने एकटीने बांधला. मी दोन्ही हातांनी हिसका दिला, गाठ हलली नाही.

सासूबाई मात्र नऊवारीवर माझ्या नवऱ्याचं टोपीवालं जाकीट चढवून तंबूच्या वाऱ्याकडच्या कोपऱ्यावर ठाण मांडून बसल्या होत्या, कापड उडू नये म्हणून. तोंडाने रामरक्षा चालू. सगळे धोंडे बांधून होईपर्यंत त्या उठल्या नाहीत. शेवटी मीच त्यांना हात दिला. "उठा आई. चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "पाय पार दगड झालेत गं, आधी चहा टाक."

रात्रभर वारा वेड्यासारखा सुटला होता. सकाळी कप घेऊन बाहेर आले तर आसपासचे तीन तंबू आडवे. त्या जमिनीत वीतभर मातीखाली खडक होता, खुंट्या उपसून निघाल्या होत्या. आम्हाला चार खुंट्या देणाऱ्या माणसाची बायको मुलांना घेऊन गाडीत बसली होती. तो आमच्या तंबूभोवती एक चक्कर मारून आला, एक गाठ ओढून पाहिली आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, हे कुणी बांधलं?

नवऱ्याने तोंड उघडायच्या आत माझी मुलगी पुढे झाली. तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस. "माय मम. शी डज इट फॉर अ लिव्हिंग. शी'ल शो यू." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, ये ना. मी दगड आणते."

मी कप तसाच गवतात ठेवला आणि निघाले. पोटासाठी पॅकिंग करते, असं मी आजवर लोकांना आवाज खाली आणून सांगत आले होते. तीच गोष्ट माझ्या पोरीने अख्ख्या कुरणाला ऐकू जाईल अशी सांगितली.