ड्रिल मास्तरांच्या हाताखाली संगीत

आमच्या संस्थेचा एक नियम होता. नवा शिक्षक लागला की पहिल्या वर्षी त्याला एका जुन्या शिक्षकाच्या हाताखाली द्यायचं. जुन्याने नव्याच्या तासाला बसायचं, चुका सांगायच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी संस्थेला अहवाल द्यायचा. अहवाल बरा असला तर नवा माणूस कायम, नाहीतर त्याने दुसरीकडे पाहायचं. नियम चांगला होता. विज्ञानाच्या नव्या सरांना विज्ञानाचे जुने सर मिळाले, मराठीच्या नव्या बाईंना मराठीच्या जुन्या बाई. मी संगीत शिक्षक म्हणून लागलो तेव्हा संस्थेत संगीताचा जुना शिक्षक नव्हता, कारण संगीताचा शिक्षकच पहिल्यांदा येत होता. म्हणून मला ड्रिल मास्तरांच्या हाताखाली दिलं.

मुख्याध्यापकांनी त्याचं कारणही सांगितलं. "तुमचे दोघांचेही विषय परीक्षेत नाई," ते म्हणाले, "आणि दोघांच्याही तासाचा आवाज बाकीच्यांना होते. जमून जाईल."

मी "हो जी" म्हणालो. त्या काळात मी सगळ्यालाच हो जी म्हणत असे, आणि मनापासून म्हणत असे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत राबायचे, उन्हाळ्यात बांबू तोडायला जंगलात जायचे. पेटी मी आमच्या वस्तीतल्या विहारात शिकलो, भजन मंडळाच्या लोकांच्या मांडीला मांडी लावून. पुढे चंद्रपूरला बी.ए. करता करता एका गुरुजींकडे गाणं शिकून परीक्षा दिल्या. एवढ्यावर कोणी नोकरी देईल असं आमच्याकडे कोणालाच वाटत नव्हतं. वडिलांनी ऑर्डर उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "गाण्याची नोकरी? आणि ऐकाले कोण येते?"

शाळा चामोर्शीहून मुलचेऱ्याकडे जाताना रस्त्यापासून आत होती. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकता वेगळा झाला होता आणि बऱ्याच पाट्यांवर अजून चंद्रपूरच होतं. शाळेला वसतिगृह होतं. त्यात जंगलातल्या गावांची गोंड मुलंमुली राहत. जवळच्या, फाळणीनंतर वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या गावांतली मुलं रोज चालत येत. संगीताचा वर्ग टिनाच्या शेडमध्ये, खाली तरटपट्ट्या, समोर एक फळा आणि माझी पेटी.

ड्रिल मास्तर दर गुरुवारी माझ्या तासाला येऊन मागे उभे राहत. खुर्ची दिली तरी बसत नसत. पन्नाशीचे, सरळ, पांढरे कॅनव्हासचे बूट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

"मास्तर, मले गाण्यातलं काही समजत नाई. हे आधीच सांगून देतो. पण अहवालात चार गोष्टी लिहा लागते. शिस्त, तयारी, फळ्याचा उपयोग आणि वर्गाचा सहभाग. तुम्ही फळ्याचा उपयोग काऊन नाई केला?"

"सर, संगीत आहे."

"ते मले दिसून राह्यलं. फळाही दिसून राह्यला."

पुढच्या गुरुवारपासून मी सा रे ग म फळ्यावर लिहून ठेवू लागलो. ते आले की खडूने त्या अक्षरांखाली रेघ मारायचो. मास्तर मान हलवायचे. तो प्रश्न मिटला.

मिटला नाही तो चौथा प्रश्न, वर्गाच्या सहभागाचा. वर्गात गायच्या फक्त तीन मुली. तिघीही बंगाली. त्यांच्या घरी पेटी असायची, मांडी घालून सुरात बसायची त्यांना सवय होती. मी सा धरला की तिघी छान सा लावायच्या. बाकीचा वर्ग माझ्याकडे पाहत बसायचा. तोंडं उघडायची, आवाज यायचा नाही. मी पट्टी वर नेली, खाली आणली, गाणी बदलली, दरडावलं, गोळ्या वाटल्या. गोळ्या संपल्या.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी मास्तर म्हणाले, "तुमच्या वर्गात गाते कोण? त्या तीन पोरी. बाकीचे काय पाहुणे आले?"

"हळूहळू गातील, सर."

"माझ्या तासाले तीनच पोरं हात वर करतील आणि बाकीचे पाहतील, तं त्याले ड्रिल म्हणत नाई." मग म्हणाले, "मी वाईट लिहीन असं नाई, मास्तर. पण खोटंही लिहिता येत नाई. 'तीन मुली गातात' असं लिहीन. मग संस्थेनं पाहून घ्यावं."

संस्था काय पाहून घेईल हे मला माहीत होतं. धाकटी बहीण त्या वर्षी दहावीला होती. मी कायम झालो तर तिला चंद्रपूरला कॉलेजात ठेवायचं, नाही झालो तर मामाने आणलेल्या स्थळाला होकार द्यायचा, असं घरी ठरलं होतं. ठरवताना तिला कोणी विचारलं नव्हतं. तीच मला दर पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड टाकायची आणि शेवटी लिहायची, पोरं गायला लागली का?

मी वर्गालाच विचारायचं ठरवलं. हे आधी सुचायला हवं होतं, पण आमच्या गुरुजींनी आम्हाला कधी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे तशी पद्धत माहीत नव्हती. वसतिगृहातली आठवीची एक मोठी मुलगी होती, बोलायला धीट. तिला म्हटलं, "तुम्ही नदीवर जाताना गाता. मी ऐकलं आहे. मग इथं काय होतं?"

ती हसली, शेजारणीकडे पाहिलं, गोंडीत काहीतरी बोलली. सगळी रांग हसली. मग मला म्हणाली, "सर, बसून कोन गाते? बसून तं बिमार माणूस गाते."

"मग कसं गातात?"

त्यांनी दाखवलं. तरटपट्ट्या त्यांनीच गुंडाळल्या. मुली एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळीत उभ्या राहिल्या, मुलांची ओळ समोर. अर्ध्या ओळीने गाणं म्हटलं, उरलेल्या अर्ध्या ओळीने तेच उचललं, आणि पाय चालू लागले. पुढे, मागे, थोडं बाजूला. शेडचं टिन वाजायला लागलं. ते त्याला रेला म्हणत. माझ्या पेटीला त्यात जागा सापडायला बराच वेळ लागला. बंगाली मुली आधी भिंतीला चिकटून उभ्या होत्या, त्यांनाही कोणीतरी ओढून घेतलं.

गुरुवारी मी मोठ्या अभिमानाने मास्तरांना हे ऐकवलं. पूर्ण वर्ग गात होता. मास्तरांचा चेहरा पडला.

"सहभाग आला," ते म्हणाले. "पण शिस्त गेली."

"सर, आवाज तर ऐका."

"आवाज ऐकला. पाय पाह्यले. पेटीच्या तासाले पाय हलून राह्यले, हे मी शिस्तीत कसं बसवू? गाऊ द्या. पण पाय नको."

आम्ही पाय थांबवून पाहिले. गाणं दुसऱ्या ओळीला थांबलं. पुन्हा पाय चालू केले, गाणं चालू. मास्तरांनी हे चार-पाच वेळा करवून घेतलं, एखादा नळ दुरुस्त करणारा माणूस तोटी उघडून बंद करून पाहतो तसं. शेवटी म्हणाले, "खरंच आहे," आणि निघून गेले.

त्यानंतर काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, झालं. पण एका सकाळी मी सायकली ठेवतात त्या छपरामागे त्यांना पाहिलं. कॅनव्हासचे बूट, हात कमरेवर, ते एकटेच पावलं टाकत होते. पुढे, मागे, थोडं बाजूला. मला पाहून थांबले नाहीत. "डाव्यानं सुरू होते," एवढंच म्हणाले. मी पुढे गेलो. ज्येष्ठ शिक्षकाच्या तयारीत व्यत्यय आणणं बरं नव्हे.

मोहाची फुलं पडायला लागली की वसतिगृह रिकामं होतं, मुलं घरच्यांसोबत वेचायला जातात. म्हणून तपासणी त्याच्या आधी ठेवली होती. संस्थेचे सचिव आणि जिल्ह्याचे एक अधिकारी येणार होते. सचिवांनी एक स्वागतगीत स्वतः लिहून पाठवलं होतं. त्यात संस्थेच्या सगळ्या शाखांची नावं आली होती, आणि यमक जुळावं म्हणून एक शाखा दोनदा. मी त्याला चाल लावली. लावताना ती रेल्याच्या चालीजवळ गेली, कारण दुसऱ्या कशात एवढ्या शाखा मावत नव्हत्या.

मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी बजावलं, "मुलं खाली बसलेली पाहिजे. रांगेत. साहेबांसमोर उड्या नको."

मी ड्रिल मास्तरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

दुसऱ्या दिवशी शेड झाडून, फळ्यावर सा रे ग म लिहून, मुलं रांगेत मांडी घालून बसवली. साहेब आणि सचिव समोर खुर्च्यांवर. मी सूर धरला. तीन मुली गायला लागल्या. बाकीच्यांची तोंडं उघडली, आवाज आला नाही. पहिली शाखा गेली, दुसरी गेली. सचिव आपल्याच गीताच्या कागदावर बोट ठेवून पुढे पुढे सरकत होते आणि त्यांच्या कपाळावर आठी येत होती. माझे हात पेटीवर होते, पण मला दिसत होता तो घरचा ओटा आणि मामा.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली.

"वर्ग, सावधान!"

सगळा वर्ग उभा राहिला. मीही उभा राहिलो, मग पेटीमुळे परत बसलो.

"हात बांध! डाव्या पायानं, कदम ताल!"

मुलींनी एकमेकींच्या कमरेत हात घातले. पाय सुरू झाले. आणि तिसऱ्या शाखेपासून पुढे संस्थेचं स्वागतगीत टिन हलेल अशा आवाजात निघालं. अर्धी ओळ शाखेचं नाव घ्यायची, उरलेली अर्धी ते परत करायची, त्यामुळे प्रत्येक शाखा दोनदा आणि दोनदा आलेली चारदा झाली. मास्तर बाजूने एक-दो, एक-दो म्हणत होते. त्यांचं एक-दो गाण्याच्या ठेक्यात बसत नव्हतं, पण मुलांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

गाणं संपल्यावर सचिवांनी चष्मा पुसला. "हा संगीताचा तास आहे की पी.टी.चा?"

मुख्याध्यापक माझ्याकडे पाहू लागले. मी पेटीकडे पाहिलं. मास्तर दोन पावलं पुढे आले.

"दोन्हीचा, जी. एकाच तासात दोन विषय. शिस्तही राहते, गाणंही होते. मी वर्षभर पाहून राह्यलो."

वर्षभर हे खरं नव्हतं, पाय सुरू झाले ते दिवाळीनंतर. खोटं लिहिता येत नाही म्हणणाऱ्या माणसाने ते लिहिलं मात्र नाही, नुसतं बोलून टाकलं. अधिकारी साहेब म्हणाले, उपक्रम चांगला आहे. सचिवांना आपलं गीत एवढ्या लोकांनी एवढ्या जोराने म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकायला मिळालं असावं. ते पुन्हा एकदा म्हणायला सांगून मगच जेवायला गेले.

अहवाल मी पाहिला नाही. सुट्टीआधी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की मला कायम केलं आहे. सोबत हेही सांगितलं की सचिवांना उपक्रम इतका आवडला की पुढच्या वर्षापासून वेळापत्रकात संगीत आणि पी.टी. मिळून एकच तास राहील, आणि सकाळच्या कवायतीला मास्तरांना मदतनीस म्हणून मी असेन. माझे आठवड्यातले तास निम्मे झाले होते. मी हो जी म्हणालो.

मास्तरांना भेटायला गेलो तर ते दोरीवरचे बूट उलटे करून वाळवत होते. पाया पडायला वाकलो तर मागे सरकले. "असं करू नका, मास्तर. मले गाण्यातलं अजूनही काही समजत नाई." मग विचारलं, "बहिणीचं काय झालं?" मी त्यांना बहिणीबद्दल कधी सांगितलं नव्हतं. पोस्टकार्डं शाळेच्या पत्त्यावर यायची आणि स्टाफरूममध्ये उघडीच पडून राहायची, हे मला तेव्हा कळलं. मला त्यांचं ऋण आजही वाटतं, आणि ते फेडायची रीत मला कधीच सापडली नाही.

गावी पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. वडील ओट्यावर, मामा शेजारी, धाकटी दाराच्या आत उभी. मी सगळं सांगितलं. वडिलांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे आता गाण्याचंही काम अन् कवायतीचंही?"

"हो."

"पगार एकाचाच?"

"एकाचाच."

ते जरा विचारात पडले. मग मामाकडे वळून म्हणाले, "मंग खरंच कायम केलं. दोन कामं सांगितलेल्या माणसाले कोणी काढत नाई." मामांनी चहा संपवला आणि चपला शोधायला लागले.

धाकटी दारातच होती. वडील तिला म्हणाले, "तू काऊन उभी हाये? चंद्रपूरले जाची तयारी कर. आणि मामाच्या चपला देऊन दे."