एकोणनव्वदचं सील

सीलकाका प्रत्येक सील तीनदा ओढून पाहत. ट्रेलरच्या मागच्या दारात ती लोखंडी खीळ एकदा खट्कन बसली की कापल्याशिवाय निघत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी पहिला झटका सीलसाठी, दुसरा दारासाठी आणि तिसरा, त्यांच्याच शब्दांत, "जो कोणी बघत असेल त्याच्यासाठी." बघणारी बहुतेक वेळा मीच असायचे, ऑफिसच्या खिडकीतून.

आमचं गोदाम टेक्सासमधल्या लरेडोत, नदीपासून दहा मिनिटांवर. अलीकडे लरेडो, पलीकडे मेक्सिकोतलं न्वेवो लरेडो, आणि मधल्या पुलावर दिवसभर ट्रकांची रांग. उत्तरेकडून आलेला माल काका तपासत, दाराला सील लावत आणि सीलचा नंबर वॉकीटॉकीवर मला सांगत. मी तो कागदांवर टाइप करायचे. मग पलीकडचा ड्रायव्हर ट्रेलर पुलापार न्यायचा आणि तिथले कस्टमवाले कागद आणि सील ताडून पाहायचे. मी पुण्याची, वर्क व्हिसावर गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळायला आलेली. माणसं कमी म्हणून कागदही माझ्याच गळ्यात पडले. लरेडोत मराठी माणसं आम्हाला ठाऊक असलेली दोनच, ते आणि मी.

काकांचा नदीवरसुद्धा विश्वास नव्हता. अमेरिका तिला रिओ ग्रांदे म्हणते, मेक्सिको रिओ ब्रावो. "जिला दोन नावं आहेत," काका म्हणत, "तिच्या दोन्ही काठांची चौकशी केलेली बरी." पण चौकशी ते अलीकडूनच करत. अकरा वर्षांत ते एकदाही पलीकडे गेले नव्हते. पासपोर्ट मात्र रोज शर्टाच्या आतल्या खिशात असायचा. का, विचारलं तर म्हणाले, "घरी ठेवला आणि घरी कोणी आलं तर?" त्यांच्या घरी कोणीच येत नसे. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगी ॲरिझोनात, चँडलरला होती.

ड्रायव्हर त्यांना 'डॉन सेयो' म्हणत. डॉन म्हणजे आपलं 'राव', सेयो म्हणजे सील. मी यार्डात "काका" अशी हाक मारली की मात्र सगळे ड्रायव्हर माना खाली घालून हसत. काकांची खात्री पटली की यांचं काहीतरी शिजतंय. स्पॅनिशमध्ये 'काका' म्हणजे लहान मुलाची शी, हे मला महिन्याभरात कळलं होतं. त्यांना सांगायचा धीर मला कधीच झाला नाही, आणि त्यांचा संशय वाढत गेला.

सगळ्यात जास्त संशय चुयवर. चुय हा पलीकडचा ड्रायव्हर, तिशीतला, दोन लहान मुलींचा बाप. यार्डातून निघताना तो गेटपाशी ट्रक थांबवून उतरायचा आणि फोन हातात घेऊन मागे जायचा. "काय करतो हा मागे जाऊन?" काका मला विचारत. मी म्हणायचे, "टायर बघत असेल हो." ते माझ्याकडे दयेने बघत.

नंबर ते मराठीतून सांगत, एकेक आकडा. चार, तीन, दोन. म्हणजे ऐकणाऱ्या कोणाला कळू नये. मीही त्यांना कधी इंग्रजीत सांगा म्हटलं नाही. या शहरात दिवसातून एवढंच मराठी माझ्या कानावर पडायचं. एका सोमवारी काका खीळ बसवत असताना चुयने सीलवरचे आकडे स्वतःच मोठ्याने वाचले. एक, आठ, सहा, दोन, सात, पाच, अगदी मराठीत, आणि वर विचारलं, "बरोबर?" बिचाऱ्याला शाबासकी हवी होती. काका तरातरा ऑफिसात आले. "याने भाषा फोडली. उद्यापासून जोड्यांनी सांगणार. एकवीस, बत्तीस असं. ते शिकायला याला जन्म लागेल."

जन्म मलाही लागला असता. मी इंग्रजी माध्यमातली. हे कबूल करायला हवं होतं, पण लाजले.

गुरुवारी दुपारी पलीकडून फोन आला, चुयचा ट्रक अडवलाय, सील कागदांशी जुळत नाही, ड्रायव्हरला बसवून ठेवलंय. काका इतके शांत झाले की मला भीती वाटली. गोदामाच्या मालकीणबाईंना ते म्हणाले, "पुलावर सील बदललं असणार. मी म्हणत होतोच. त्या माणसाला पुन्हा यार्डात घेऊ नका." बाईंनी मान हलवली. मग काकांनी स्वतःची वही माझ्यापुढे टाकली. "हे बघ. मी लावलं ते सील."

वहीत मराठी आकड्यांत लिहिलं होतं, ४३२१८९. माझ्या स्क्रीनवर शेवटी नव्व्याण्णव होते.

मी वॉकीटॉकीवर ऐकलं होतं, "त्रेचाळीस, एकवीस, एकोणनव्वद." एकोणमधला कसला तरी नऊ आणि वर नव्वद, म्हणजे नाइंटी नाइन, असा हिशोब माझ्या डोक्याने केला होता. चूक माझी होती आणि पलीकडे माणूस अडकला होता. नोकरी गेली तर व्हिसा जाणार, हेही लगेच डोळ्यांसमोर आलं. मी अर्धा तास गप्प बसले. त्या अर्ध्या तासाची मला अजून लाज वाटते.

शेवटी काकांना बाहेर बोलावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "एकोणनव्वद म्हणजे किती?"

"मला नाइंटी नाइन वाटलं."

"नव्वदला एक उणा, बाळ."

मी रडायला लागले. मला वाटलं आता झाडाझडती होणार. ते पुलाकडे वळले. मग म्हणाले, "सगळ्यांवर नजर ठेवली मी. तुझ्यावर नाही ठेवली. आणि माझ्या स्वतःच्या तोंडावर तर मुळीच नाही."

त्यांनी मालकीणबाईंना सांगितलं, इथे दुसऱ्या कोणाला तपासता येणार नाही अशा भाषेत मी नंबर सांगितला, चूक माझी. बाईंनी दुरुस्तीचं पत्र पलीकडे पाठवलं. त्याची एक प्रत घेऊन काका स्वतः निघाले. मी येते म्हटलं तर म्हणाले, "तू नको. तुझा व्हिसा सांभाळ." आणि पादचाऱ्यांच्या पुलावरून ते आयुष्यात पहिल्यांदा पलीकडे गेले.

पुढचं मला चुयने सांगितलं. काका पोचले तेव्हा तो सुटण्याच्या बेतात होता. यार्डातून निघताना तो दर वेळी गेटपाशी सीलचा फोटो काढायचा. त्या दिवसाचा फोटो त्याने कस्टमवाल्यांना दाखवला होता. बाईंचं पत्रही तोच नंबर सांगत होतं. काकांनी विचारलं, फोटो कशासाठी काढतोस? चुय म्हणाला, "तुमच्यावर माझा विश्वास नव्हता, डॉन सेयो. तुम्ही तीन-तीनदा काय ओढता, मला कळायचं नाही."

काका परत आले ते त्याच्याच ट्रकमध्ये बसून. उतरल्यावर मला म्हणाले, "चांगला माणूस आहे. संशय घेतो." दुसऱ्या दिवसापासून नंबर पुन्हा एकेक आकड्याने यायला लागले, आणि चुय ते बरोबरीने म्हणायचा.

यंदाच्या वसंतात मुलीने हट्ट धरला आणि काका चँडलरला जायला निघाले. छोटा भाड्याचा ट्रक, त्यात काकूंची शिलाई मशीन आणि थोडीफार भांडी. गोदामासमोर निरोप घ्यायला थांबले तेव्हा चुयने खिशातून एक नवं सील काढलं, ट्रकच्या दाराला खट्कन बसवलं आणि नंबर मराठीत वाचून दाखवला.

काका ऐकत उभे होते. त्यांनी "बरोबर" म्हटलं, चुयचा हात हातात घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे जाऊन गाडीत बसले. सील त्यांनी ओढून पाहिलं नाही.

मी मागे गेले आणि तीनदा ओढून पाहिलं.