मामांच्या जीपची लाईट

हेडलाईटच्या काचेवर नखाने टकटक करायची, मान तिरकी करून काही ऐकू येतंय का पाहायचं आणि म्हणायचं, "जान न्हाई हो हिच्यात, मिस्त्री." मामा माझ्या दुकानात यायचे ते असे. नमस्कार-चमत्कार नंतर.

ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते. कंधार ते नांदेड जीप चालवायचे, सकाळी भरून न्यायचे आणि अंधार पडता पडता भरून आणायचे, म्हणून सगळ्या रस्त्याचे मामा झाले. जीप स्वतःची, जुनी, जाड पत्र्याची. तिच्यावर माशी बसली तरी मामा फडकं घेऊन धावत. माझं दुकान कंधारच्या बस स्टँडजवळ, गाड्यांच्या वायरिंगचं.

असा अस्वस्थ माणूस तुम्हीही पाहिला असेल, प्रत्येक स्टँडवर एखादा असतोच. स्टूल दिलं तर त्यावर एक पाय ठेवून उभे राहत. चहा हातात घेऊन जीपभोवती फेऱ्या मारत. मी वायर सोलायला घेतली की खांद्यावरून डोकावून विचारत, "घावली का खराबी?" मी आधीच तापट. "तुम्ही डोकावलात की खराबी लपून बसते, मामा," म्हटलं की हसत, जरा लांब जात आणि लगेच परत येत.

पहिल्यांदा आले तेव्हा खराबी खरोखरच होती. कुठून तरी जास्त वॉटचे, पांढरे झगझगीत बल्ब बसवून आणले होते. बसवणाऱ्याने जुन्याच बारीक वायरींना पीळ मारून वर टेप गुंडाळली होती. एवढा भार त्या वायरींना कुठला झेपतोय? होल्डर वितळला होता, लाईटचं बटण चटका देत होतं आणि हॉर्न वाजवला की लाईट मान टाकायची. मी सगळं उपटून काढलं. बॅटरीपासून जाड वायर ओढली, मध्ये रिले टाकला, म्हणजे बटणावरचा भार गेला. बॉडीचा रंग खरवडून अर्थिंग नवीन दिली. लाईट लावली तर समोरच्या गोदामाच्या भिंतीवरचे पोपडेसुद्धा दिसायला लागले. माझ्या हाताखालून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही, हे मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचो.

मामा आठवडाभरातच परत आले. "अंधारी वाटून राहिलीय. अर्थिंग बघा."

अर्थिंग पाहिली, ठणठणीत होती. मीटर लावला, बल्बपर्यंत करंट पूर्ण. समाधान म्हणून रिले बदलला. पुन्हा आले. मग स्वतःच बंपरवर जादा दिवे चढवून आणले. समोरून येणारे ट्रकवाले काच खाली करून शिव्या घालू लागले. मामा रडकुंडीला येऊन म्हणाले, "ते म्हणतेत डोळे दिपून राहिले, आन् मला रस्ता न्हाई दिसून राहिला. मग ही लाईट जाती कुठं?"

त्या प्रश्नाने माझं डोकं फिरवलं. हातातली कामं टाकून मी त्यांच्या जीपचं बॉनेट उघडून बसायचो. जेवताना मनातल्या मनात वायरी मोजायचो. वायरींवर चिडायचो, मामांवर चिडायचो, घरच्यांवर तर विनाकारण.

एके दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरबाई स्कूटीचा इंडिकेटर दाखवायला आल्या. त्या रोज नांदेडहून मामांच्या जीपने परतायच्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "भाऊ, मामांना बोलू नका. पण अंधार पडला की ते एसटीच्या मागंच चालवतेत. नजर सगळी तिच्या लाल दिव्यावर. एसटी थांबली की हे थांबतेत. परवा एसटी फाट्याला वळली, तर हे बी वळले. आम्ही सगळे वरडलो तेव्हा गाडी मागं घेतली. लेकरं असतेत हो जीपमधी."

त्याच संध्याकाळी प्रवासी उतरवून मामा आले. म्हटलं चला, आज मी शेजारी बसतो. लोह्याच्या रस्त्याला लागलो. अंधार नुकताच पडला होता आणि पुढे एसटी नव्हती. मामा स्टिअरिंगवर ओणवे झाले होते. कडेला कडब्याने भरलेली बैलगाडी उभी होती. आमच्याच उजेडात मला ती लांबूनच लख्ख दिसत होती, पेंढी न् पेंढी. मी ब्रेकची वाट पाहिली. ब्रेक लागला नाही. शेवटी ओरडून मीच स्टिअरिंग ओढलं.

जीप पलीकडच्या कडेला जाऊन बंद पडली.

"काय व्हतं?" मामांनी विचारलं.

"बैलगाडी होती, मामा."

त्यांनी लाईटचं बटण बंद करून पुन्हा लावलं. मग म्हणाले, "अर्थिंगच असंल का?"

"वायरिंगमध्ये काही नाही, मामा."

"हाय म्हणा. काहीतरी हाय म्हणा. गाडीचं असंल तर तुमच्यानं व्हतं."

मला रडू आलं. हा माणूस इतके दिवस माझ्याकडे लाईट दुरुस्त करायला येत नव्हता, दुखणं गाडीचंच आहे एवढं ऐकायला येत होता. परतताना जीप मी चालवली.

नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा खराब झालाय, दिवसाउजेडी भागेल, अंधारात आता दिसणार नाही, औषध नाही. मामांनी जीप उमरीकडच्या एकाला विकून टाकली. उदगीरला लेकीकडे राहायला जाण्याआधी मला भेटायला आले.

"लोकं इचारतील, मामानं गाडी का इकली. डोळ्याचं सांगू नगा," म्हणाले. "भरवशानं लेकरं बसवली त्यांनी माझ्या गाडीत. आता त्यांच्या जिवाचा थरकाप कशाला?"

"मग काय सांगू?"

"लाईटचं काम जमलं न्हाई म्हणा."

"कुणाला जमलं नाही?"

मामा खाली बघत म्हणाले, "तुम्हाला."

मामा या पोळ्याच्या सुमारास उदगीरलाच वारले, म्हणून तुमच्यापाशी हे लिहिलं. स्टँडवर मात्र अजून कुणी ना कुणी विचारतं, मामांनी एवढी चांगली जीप का विकली हो, मिस्त्री?

"लाईटमध्ये फॉल्ट होता," मी सांगतो. "लई शोधला. मला न्हाई सापडला."